चाकातले पाणी



आज मी आपल्याशी चाकाविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाने राजेरजवाडे, लढाया आणि तह यांच्याविषयी बोलावे अशी साधारणतः अपेक्षा असते. परंतु शेतकऱ्याच्या घरात जो इतिहास रोज ये-जा करतो तो बहुधा चाकावरून येतो, आणि कुठल्याही बखरीत त्याची नोंद सापडत नाही. त्यातही मला एकाच चाकाविषयी सांगायचे आहे. ट्रॅक्टरचे मागचे मोठे चाक, ज्याच्या पोटात पाणी भरलेले असते ते. हे पाणी तिथे कसे गेले, का गेले, आणि ते आत असताना चाक हलवायचे, ट्रॉलीत चढवायचे म्हणजे जोखीम कोणती, एवढाच आजचा विषय.

सुरुवात आमच्या गावापासून करतो. माझ्या लहानपणी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची असली की लोहाराच्या दारात आम्हा पोरांची गर्दी व्हायची. गोवऱ्यांचे कडे रचून त्यात धाव तापत ठेवायची. ती लाल झाली की तिघे-चौघे जण सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचे, घणाचे चार ठोके मारायचे आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. चर्रर्र आवाज, धुराचा लोट, आणि आवळत जाणाऱ्या धावेने आरे, पुठ्ठे आणि तुंबा यांची अशी घट्ट मिठी बसायची की पुढे कित्येक वर्षे चाक हलायचे नाही. त्या कामात एक गोष्ट होती. चाकाचे वजन सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते. लाकूड केवढे, लोखंड केवढे, हे पोरासोरांनाही दिसत होते. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, या कामात वाकबगार. गाडीचे चाक एका तळहाताने तोल सांभाळीत ते अंगणभर फिरवायचे, आणि ते कलू लागले की मांडी लावून सहज थोपवायचे.

पुढे मी कॉलेजात असताना घरी जुना ट्रॅक्टर आला. एका पावसाळ्याआधी त्याचे मागचे चाक दुरुस्तीला न्यायचे ठरले. जॅक लावला, नट काढले, आणि चौघांनी चाक ढकलीत ट्रॉलीपर्यंत आणले. ते गुमान गडगडत आले. फळीवर चढवण्यासाठी जरा वळवले, तसे ते एका अंगाला कलले. तात्यांनी जन्मभराच्या सवयीने मांडी लावली. चाक थांबले नाही. ते त्यांच्या पायावर गेले. मोडलेला पाय सांधला, पण तात्या त्यानंतर काठीशिवाय कधी चालले नाहीत. नंतर दुकानात टायर खोलला तेव्हा आतून पाणी निघाले, घागरीमागून घागर. ते आधीच्या मालकाने भरलेले होते. आम्हांला कुणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

तात्या पुढे एवढेच म्हणायचे, "अरे, चाक बघितलं, पण वजन नाही बघितलं." हे वजन चाकाच्या आत कसे जाऊन बसले, याचा शोध घेण्याची ओढ मला त्या वाक्याने लावली.

ट्रॅक्टर पहिल्यांदा शेतात आला तो लोखंडी चाकांवर. अमेरिकेत १९१७ साली फोर्ड यांचा फोर्डसन नावाचा ट्रॅक्टर मोठ्या संख्येने निघू लागला. त्याचे वजन सुमारे सव्वा टन, आणि मागच्या चाकांना लोखंडी दाते. हे दाते जमिनीत रुतायचे, म्हणूनच नांगर ओढला जायचा. परंतु जे शेतात गुण होते तेच रस्त्यावर अवगुण ठरले. दात्यांनी पक्क्या सडका उकरल्या जाऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी अशी चाके सडकेवर आणण्यास मनाई झाली. फ्लॉरिडातल्या संत्र्या-मोसंबीच्या बागांत या दात्यांनी झाडांची मुळे तुटू लागली. शिवाय हाकणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची ती वेगळीच.

मग रबरी चाक का नव्हते, असे आपण विचाराल. हवा भरलेल्या चाकाची कल्पना नवी नव्हती. रॉबर्ट विल्यम टॉम्सन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली तिचे पेटंट घेतले होते. ती विसरली गेली, आणि १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलीसाठी ती पुन्हा काढली. आपल्या उसाच्या पट्ट्यात रबरी चाकांच्या बैलगाडीला 'टायरगाडी' आणि कुठे कुठे नुसते 'डनलॉप' म्हणतात, ते याच माणसाचे नाव. सायकल, मोटार, ट्रक, विमान अशी सगळी वाहने हवेवर चालू लागली, तरी शेतातला ट्रॅक्टर मात्र लोखंडावरच राहिला. मऊ मातीत रबर घसरेल, असा सर्वांचा समज होता.

तो समज १९३२ साली मोडला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ॲलिस-चामर्स ही ट्रॅक्टर बनवणारी कंपनी होती. तिच्या ट्रॅक्टर विभागाचे प्रमुख हॅरी मेरिट यांनी आधी ट्रकचे टायर लावून पाहिले. ट्रकच्या टायरमध्ये हवा कडक भरावी लागते. कडक टायर मऊ रानात लोखंडी चाकासारखाच रुतला आणि जागच्या जागी फिरू लागला. मग त्यांनी विमानाचे टायर मागवले आणि त्यांत हवा अगदी थोडी, दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड एवढीच ठेवली. हा नरम टायर जमिनीवर उंटाच्या पावलासारखा पसरला. वॉकेशा गावाजवळच्या एका शेतात त्या वर्षी हा ट्रॅक्टर चालला, आणि ओढीत कमी पडला नाही.

तरी शेतकरी सहजासहजी पटणारा नव्हे. "रबर कशाला, पंक्चर झालं म्हणजे?" हा प्रश्न तिथेही विचारला गेलाच. तेव्हा कंपनीने एक युक्ती केली. बार्नी ओल्डफिल्ड या नामवंत मोटारशर्यतवाल्याला १९३३ साली टेक्सासमधील डॅलस येथे ट्रॅक्टरवर बसवले. त्याने तो ताशी ६४ मैलांवर, म्हणजे सुमारे १०३ किलोमीटर वेगाने पळवला. नांगरटीला असल्या वेगाचा काही उपयोग नाही, हे उघडच आहे. पण लोखंडी चाकाला जे कधी जमले नसते ते रबरी चाक करू शकते, हे हजारो लोकांनी पाहिले. नेब्रास्का राज्यात ट्रॅक्टरांची सरकारी कसोटी घेणारे केंद्र १९२० पासून काम करीत होते. तिथे १९३४ साली रबरी टायरचा पहिला ट्रॅक्टर कसोटीला उतरला. १९४० येईपर्यंत अमेरिकेत निघणारे बहुसंख्य नवे ट्रॅक्टर रबरी चाकांवर होते. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया आणि जावा बेट घेतले, रबराचा पुरवठा तुटला, आणि काही काळ नवे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर निघाले. युद्ध संपताच रबर परत आले ते कायमचे.

इथपर्यंत ही कहाणी सुखाची आहे. आता पाण्याकडे येऊ.

लोखंडी चाक मातीला धरायचे ते दात्यांनी. रबरी चाक धरते ते मुख्यतः वजनाने. चाकावर भार जितका अधिक, तितके ते जमिनीला घट्ट चिकटते. भार कमी पडला की चाक जागीच फिरते, डिझेल जळते, टायर झिजतो, आणि नांगर मात्र पुढे सरकत नाही. ओल्या चिकण रानात हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. म्हणजे रबर आल्यावर ट्रॅक्टरला वजन हवेहवेसे झाले. ते कुठून आणायचे?

एक मार्ग लोखंडाचा. चाकाला बिडाची जड चक्रे बोल्टने आवळायची. हा मार्ग खर्चाचा. दुसरा मार्ग हॅरी फर्ग्युसन यांनी दाखवला. त्यांनी अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी असे जोडले की नांगराला मातीत जो रेटा बसतो त्याचाच भार मागच्या चाकांवर यावा. या पद्धतीचा त्यांचा ट्रॅक्टर १९३६ साली विक्रीला आला, आणि आज आपल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरला मागे जे तीन सांधे दिसतात ते त्याच विचाराचे वारस आहेत. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त. टायरच्या पोटात एवढी जागा हवेसाठी मोकळी आहे, तर तीत पाणी का भरू नये? विहिरीचे पाणी फुकट, आणि एका लिटरला एक किलो वजन हमखास.

थंड मुलुखात एक अडचण आली. हिवाळ्यात पाणी गोठते, आणि गोठलेले पाणी टायर फाडते. म्हणून तिकडे पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचा क्षार विरघळवू लागले. त्याने पाणी गोठेनासे झाले, आणि जडही झाले. परंतु हा क्षार लोखंडी रिम खातो. म्हणून अलीकडे त्या देशांत साखर-बीटाचा रस वापरतात. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरणारा हा दाट रस पाण्याहून जवळजवळ तीस टक्के जड असतो, गोठत नाही आणि रिमला गंज चढवीत नाही. तिकडचे मोठे चाक, साधारण साडेअठरा इंच रुंदीचे, आपल्या पोटात साडेचारशे लिटरपर्यंत द्रव घेते. टायर, रिम आणि द्रव मिळून पाऊण टनाच्या वर वजन भरते. अशा चाकापाशी तिकडचा जाणता शेतकरी यंत्राशिवाय जात नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने जे मोठे ट्रॅक्टर चालवले ते बहुतेक साखळपट्ट्यांचे होते. मध्य भारतातल्या लाखो एकर जमिनीत माजलेले कांस गवत उपटण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही मुख्यतः याच कामाकरिता. १९५५ साली मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनी येथे ट्रॅक्टरचे शिक्षण देणारे केंद्र निघाले. १९५९ साली फरिदाबादला भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. त्यानंतर रबरी चाकांचा ट्रॅक्टर गावोगाव पोहोचला, आणि त्याच्यामागून चाकात पाणी भरण्याची रीतही आली. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, म्हणून आपण साधेच पाणी भरतो. नांगरटीला भरतो, चिखलणीला भरतो, आणि उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढायला तर हटकून भरतो.

यात गैर काही नाही. गैर होते ते एवढेच की ते पाणी बाहेरून दिसत नाही. बैलगाडीच्या चाकात जे वजन होते ते डोळ्यांना दिसत होते. ट्रॅक्टरच्या चाकात ते दोनदा लपले. एकदा रबराच्या आड लपले, आणि दुसऱ्यांदा चाकाच्या गोलाईत. गोल वस्तू गडगडत असताना आपले वजन सांगत नाही. सपाट जमिनीवर तीनशे किलोचे चाकही एक माणूस ढकलू शकतो. म्हणूनच आमच्या चौघांना त्या दिवशी काही कळले नाही. वजनाने तोंड उघडले ते चाक कलल्यावर.

माझ्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांनी मला याचा हिशेब मांडून दिला, तो सांगतो. आपल्याकडे सर्रास दिसणारा, साडेतेरा इंच रुंदीचा आणि अठ्ठावीस इंच रिमचा टायर घ्या. त्यात तीन-चतुर्थांश पाणी भरले तर ते दीडशे ते दोनशे लिटर बसते. टायर, रिम आणि पाणी मिळून तीनशे किलोच्या घरात वजन. म्हणजे ज्वारीची शंभर किलोंची तीन पोती. ही तीन पोती सव्वा मीटरहून जरा उंच आणि जेमतेम पस्तीस सेंटीमीटर रुंद अशा बुडावर उभी आहेत, असे समजा. चाक थोडे कलले तर ते आपोआप परत उभे राहू पाहते. परंतु साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेले की ते पडायलाच निघते. तीस अंशांवर ते वरच्या काठाशी धरून ठेवायला पस्तीस-चाळीस किलोंचा जोर लागतो. पंचेचाळीस अंशांवर तोच जोर सत्तरच्या पुढे जातो. जमिनीशी आले की निम्मे वजन, म्हणजे दीडशे किलोच्या जवळपास, हातांवर येते. हा हिशेब थांबलेल्या चाकाचा आहे. पडत्या चाकाला वेग असतो, आणि आतले पाणीही कललेल्या अंगाला धावते. म्हणजे पहिल्या क्षणी जे हाताला पेलते ते दुसऱ्या क्षणी दुप्पट होते. माणूस धीर धरतो तो पहिल्या क्षणाच्या भरवशावर, आणि चेंगरतो दुसऱ्या क्षणी. पाणी नसलेले तेच चाक शंभर-सव्वाशे किलोचे असते. तीस अंशांवर त्याला पंधरा किलोंचा जोर पुरतो. तात्यांची मांडी त्या चाकाला पुरली असती.

तेव्हा श्रोतेहो, या सगळ्या इतिहासातून निघणारा पहिला नियम असा: आपण हौसेने आत घातलेले वजन, चाक सोडवण्याआधी आपणच बाहेर काढावे. आता हे कसे करायचे ते क्रमाने सांगतो.

आधी आत पाणी आहे की नाही ते पाहावे. टायरवर काठीने वर आणि खाली ठोकून बघा. पाणी असेल तर खालचा आवाज बद्द येतो आणि वरचा पोकळ. व्हॉल्व्ह खाली आणून त्याची पिन क्षणभर दाबली की हवेऐवजी पाण्याचे फवारे येतात. दाबताना तोंड बाजूला ठेवावे. जुना ट्रॅक्टर विकत घेताना तर हा प्रश्न मालकाला तोंडावर विचारावा, आणि आपण विकताना न विचारता सांगावे.

पाणी असेल तर ट्रॅक्टर सपाट, टणक जमिनीवर असा उभा करावा की व्हॉल्व्ह अगदी खाली येईल. नांगरलेल्या रानात किंवा उतारावर हे काम करू नये. इंजिन बंद, ब्रेक ओढलेला, आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करून घ्यावेत. मग जॅक लावून चाक बोटभर उचलावे आणि एक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे रचावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. त्यानंतर व्हॉल्व्हची पिन काढली की पाणी जोराने येते आणि हळूहळू मंदावते. घाई करू नये.

पाणी थांबले म्हणजे संपले, असे मात्र समजू नये. व्हॉल्व्ह रिमवर असतो, आणि टायरचा तळ त्याहून वीतभर खाली असतो. त्या तळात काही घागरी पाणी राहतेच. तळापर्यंत पोहोचणारी बारीक नळी व्हॉल्व्हमधून आत सोडून, वरून हवेचा दाब देऊन ते काढतात. टायरच्या चांगल्या दुकानात हे साधन असते. ते नसेल तर चाकात अजून वजन आहे हे ध्यानात ठेवूनच पुढचे काम करावे. पाण्यात क्षार घातलेला असेल तर ते पिकात किंवा विहिरीच्या कडेला सोडू नये.

आता चाक हलवायचे. त्याच्या बाजूला कुणीही उभे राहू नये, कारण चाक पडते ते बाजूलाच. ढकलणाऱ्याने मागे राहावे. चाक आणि भिंत, किंवा चाक आणि ट्रॉली, यांच्यामध्ये तर कधीच शिरू नये. आणि चाक पडू लागले तर त्याला पडू द्यावे! सोडून द्यावे आणि दूर व्हावे. आपल्या हाडीमांसी खिळलेली सवय याच्या उलट आहे. पडणारी वस्तू धरायची, नुकसान टाळायचे, ही आपल्या गरिबीने शिकवलेली सवय. पण टायर पुन्हा उभा करता येतो. तात्यांचा पाय पुन्हा उभा राहिला नाही.

ट्रॉलीत चढवताना फळीवरून माणसांनी रेटू नये. लोडरचा ट्रॅक्टर असेल तर उत्तम. नसेल तर भक्कम तिकाटीला चेनपुली टांगावी, चाकाच्या मधल्या भोकातून जाड पट्टा ओवून चाक उचलावे, आणि लांब दोरीने दिशा द्यावी. हाताने नव्हे. उचललेल्या चाकाखाली कुणी जाऊ नये. ट्रॉलीच्या चाकांनाही आधी पाचर लावावी, नाही तर भार पडताच ती मागे सरकते. ट्रॉलीत चाक उभे ठेवू नये. दोन फळ्यांवर आडवे निजवावे, म्हणजे उतरवताना खालून पट्टा घालायला जागा राहते. मग दोन्ही बाजूंनी दोर आवळावेत. उतरवतानाही याच रीतीने उतरवावे. फाळका उघडून चाक खाली लोटून देणे ही गंमत नव्हे. टायर उसळतो, आणि उसळून कुठे जाईल ते सांगता येत नाही. ज्या चाकातले पाणी काढणे शक्यच नाही, ते यंत्राशिवाय हलवूच नये.

आणखी दोन गोष्टी. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग कधीही करू नये. आतली हवा तापून टायर स्फोटासारखा फुटतो. पाणी भरलेल्या टायरमध्ये हवा भरताना मापकावर नजर ठेवावी. आत हवेला जागा थोडी उरते, त्यामुळे दाब पाहता पाहता चढतो.

शिक्षक बंधूभगिनींनो, आपल्याला माझी वेगळी विनंती आहे. खेड्यातल्या घरी मोठे चाक भिंतीला किंवा झाडाला टेकवून ठेवलेले असते, आणि मुले त्याच्याभोवती लपंडाव खेळतात. शाळेच्या पटांगणातही जुने टायर येऊन पडतात. टेकवलेले चाक आडवे करा, हे घरोघर सांगण्याचे काम आपल्या मुलांइतके चांगले कुणी करणार नाही. त्यांना ते पटावे म्हणून दोन साधे प्रयोग करून दाखवावेत. एका बाटलीत तीन-चतुर्थांश पाणी भरून ती मेजावर गडगडवावी. थांबल्यासारखी वाटून ती पुन्हा मागेपुढे डोलते. आतले पाणी अजून थांबलेले नसते. दुसरा प्रयोग वर्गातल्या बाकाचा. बाक एका टोकावर उभा करून दोन मुलांना तो धरायला सांगावा आणि आपण जवळ राहून हळूहळू कलवावा. जसजसा बाक खाली येतो तसतसा हातांवर भार वाढतो. तरफेचा धडा फळ्यावर दहा वेळा लिहून जे उमगत नाही ते अर्ध्या मिनिटात हाताला उमगते. आणि हाताला उमगलेले माणूस विसरत नाही.

तात्या आज नाहीत. त्यांची बैलगाडीही राहिली नाही. तिचे एक चाक आमच्या गोठ्याच्या भिंतीशी होते, ते मी आडवे करून ठेवले आहे. आमचा ट्रॅक्टर आता माझा धाकटा चुलतभाऊ चालवतो. त्याच्या मागच्या दोन्ही चाकांत पाणी आहे, कारण आमचे रान भारी आहे आणि पाण्यावाचून तो ओढत नाही. त्याने रिमवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहून ठेवला आहे: 'पाणी'. रंगाचा खर्च काही रुपयांचा. पण उद्या तो ट्रॅक्टर दुसऱ्याच्या दारात गेला, तरी त्या घरच्या माणसांना ते वजन दिसेल.

आपल्या चाकांत पाणी असेल तर आपणही एवढे करावे, ही विनंती.